दोन दंतवैद्य आणि क्ष-किरण

रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच महिन्यांत हे किरण दातांपर्यंत पोचले. जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे ऑटो वॉल्कहोफ यांनी स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे न हलता राहावे लागले.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनीही १८९६ मध्येच हे काम सुरू केले. त्या काळच्या नळीतील वायूचा दाब वापराबरोबर बदलत असे आणि त्यामुळे किरणांची भेदकताही बदले. ती अजमावण्यासाठी केल्स नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये आपला हात धरत. हाडे स्पष्ट दिसली, की नळी चित्र घेण्यास योग्य झाली असे समजायचे. हाताला त्या वेळी काहीच जाणवत नसे. हे वर्षानुवर्षे चालले. पुढे बोटांना कर्करोग झाला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. बोटे गेली, मग हात गेला. १९२८ मध्ये केल्स यांनी स्वतःचे जीवन संपवले.

मग हा धोका कोणाला ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांचा हात १८९८ मध्ये क्ष-किरणांनी भाजला. इजा होते ती नळीभोवतीच्या विजेमुळे, किरणांमुळे नव्हे, असे तेव्हा अनेकांना वाटे. रोलिन्स यांनी गिनीपिग जमिनीशी जोडलेल्या फॅरडे पिंजऱ्यात ठेवले. विजेला मज्जाव झाला, पण किरण आत गेले आणि प्राणी मेले. हा निष्कर्ष त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. नळीभोवती शिशाचे आवरण असावे, काम करणाऱ्याने शिसेयुक्त काचेचा चष्मा वापरावा, रुग्णाच्या शरीराचा जो भाग पाहायचा नाही तो झाकावा, असे त्यांनी सुचवले.

या सूचनांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. किरणांनी भाजल्याचे दिसायला काही दिवस जातात, कर्करोग व्हायला कित्येक वर्षे. कारण आणि परिणाम यांत इतके अंतर पडले, की त्यांचा संबंध सहज पटत नाही. क्ष-किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्टॉकहोम येथे स्थापन झाली ती १९२८ मध्ये, म्हणजे केल्स यांच्या मृत्यूच्याच वर्षी.

आज दाताच्या एका चित्रासाठी लागणारी मात्रा अगदी अल्प असते. रुग्णाचा या किरणांशी संबंध कधीतरी येतो, दंतवैद्याचा मात्र रोजच. म्हणून दंतवैद्य रुग्णाच्या तोंडातील फिल्म स्वतः धरत नाहीत. दूर किंवा आडोशाला उभे राहून बटण दाबतात. अंतर दुप्पट केले, की किरणांची तीव्रता चौथाई होते. व्यस्त वर्गाचा हा नियम आपण वर्गात दिव्याच्या प्रकाशावरून शिकवतो. त्याच तासाला दवाखान्यातील या सवयीचे कारण विद्यार्थ्यांना विचारावे, आणि मग या दोन दंतवैद्यांची हकिगत सांगावी.