बदली, पर्मनंट आणि पुन्हा बदली

मुंबईच्या गिरणगावात माणसाची पत एका शब्दावर ठरायची : पर्मनंट. तो शब्द नावापुढे लागायला कित्येकांची ऐन उमेदीची वर्षे खर्ची पडत. कावसजी दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीत 1856 साली सूत निघू लागले, तेव्हापासून कोकण आणि घाटावरचा शेतकरी परळ-लालबागच्या वाटेला लागला. मात्र गिरणीत शिरणे वेगळे आणि गिरणीत टिकणे वेगळे.

आत शिरलेला बहुधा 'बदली' असे. 1935 साली गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांची रीतसर व्यवस्था लावली. ठरावीक लोकांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड मिळायचे. कार्ड घेऊन त्यांनी रोज गिरणीच्या दारात हजर व्हायचे. कायम कामगारांपैकी कोणी खाडा केला तर काम, नाहीतर घरी परत.

एवढ्या खस्ता खाऊन मिळवलेले पर्मनंटपण 18 जानेवारी 1982 रोजी पणाला लागले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस हवेच होते. शिवाय वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेच्या हाती देणारा 1946 चा कायदाही त्यांना नको होता. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही.

पुढच्या वर्षी सरकारने 13 गिरण्या ताब्यात घेतल्या, पण हजारो कामगारांना पुन्हा आत घेतले गेले नाही. चाळिशीतला माणूस, पदरात शाळकरी मुले आणि हाताशी एकच कसब : साचा चालवायचा, तुटलेला धागा क्षणात सांधायचा. या कसबाला गिऱ्हाईक होते ते भिवंडीच्या यंत्रमागांवर, पण तिथे बारा तासांची पाळी आणि मजुरी कमी. काहींनी गावची वाट धरली, काहींनी भाजीची गाडी लावली.

बरेच जण वॉचमन झाले. राज्याने 1981 मध्येच सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला होता. त्या कायद्याखालच्या मंडळात नोंद झालेल्याला थोडी शाश्वती होती. बाकीचे ठेकेदाराच्या मर्जीवर. खाकी गणवेशात माणूस पुन्हा बदलीच झाला.

घर सावरले ते अनेकदा बायकांनी. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली होती. पण भोंगाच थांबला, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईकही आटले.

नवे काम शिकवायचा विचार सरकारदरबारी आला तो दहा वर्षांनी. 1992 साली देशभरासाठी राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभा राहिला. आजारी उद्योगांतल्या कामगारांना नवे कसब द्यावे, हा त्याचा एक उद्देश. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकवण्यात गेला. दरम्यान 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली होती.

त्यातल्याच काही जमिनींवर बांधलेल्या गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 साली म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, काढली. अट होती ती 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याची. पुराव्यासाठी ट्रंका उघडल्या, आणि तळाशी जपलेली ओळखपत्रे, तिकीट नंबर आणि फंडाच्या पावत्या तीस वर्षांनी पुन्हा बाहेर आल्या.