विजेच्या शेगडीची अदब

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांनी जनरेटर सुरू केले, कोरोनामुळे घरून चाललेल्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी कारण सांगितले. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या यंत्रणेत एका सर्किटच्या देखभालीचे काम चालू होते, सगळा भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि नेमका त्यातच बिघाड झाला. त्या दिवशी देशभरच्या वाहिन्यांवर कळव्याचे नाव झळकले.

बाहेरच्या माणसाला कळवा म्हणजे ठाण्यानंतरचे, खाडीपलीकडचे स्टेशन. पण विजेच्या नकाशावर हे गाव फार मोठे आहे. इथल्या केंद्रातून मुंबई परिसराकडे वीज जाते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, ऐरोलीच्या अंगाला, राज्य भार प्रेषण केंद्र आहे. कुठे किती वीज हवी आणि ती कुठून द्यायची, याचा हिशेब तिथे अहोरात्र चालतो. त्याच पट्ट्यात सीमेन्सचा कारखाना आहे. तिथे कित्येक दशके ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर, म्हणजे वीज वेळेवर तोडणारी आणि माणूस व यंत्र वाचवणारी उपकरणे, तयार होत आली. मुकुंद कंपनीच्या कळव्याच्या कारखान्यात तर विजेच्या भट्टीत लोखंड वितळवले गेले.

एवढी वीज ज्या परिसराने पाहिली, हाताळली, घडवली, तिथल्या साध्या घरात विजेवर अन्न शिजवण्याची रीत कशी आली, हा या लेखाचा विषय आहे. ही रीत चोरपावलांनी आली. चुलीची अदब आपल्याला घरातल्या बायकांनी शिकवली, विजेच्या शेगडीची कोणीच शिकवली नाही. तिचे धोके आजही आपल्या स्वयंपाकघरात आहेत ते यामुळेच.

आधी वीज कशी आली ते पाहू. आपल्या भागात ती स्वयंपाकासाठी आली नाही. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी गेली. पुढे ही वीज कल्याणपर्यंत आली आणि रेल्वेने १९२९ साली ठाकुर्लीजवळ चोळा इथे स्वतःचे वीजघर उभारले. म्हणजे कळवा, मुंब्रा, डोंबिवली, ठाकुर्ली या गावांच्या डोक्यावरून १५०० व्होल्टची तार गेली तेव्हा खालच्या घरांत चूल धुरत होती आणि रॉकेलची चिमणी जळत होती. वीज आधी गिरणीची, मग गाडीची, मग दिव्याची झाली. स्वयंपाकघराची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

बाहेरच्या जगातही विजेची चूल सहज जमलेली नाही. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे स्वयंपाकघर लोकांनी कौतुकाने पाहिले, पण घराघरात ते गेले नाही. अडचण तारेची होती. तार लालबुंद तापली की हवेतल्या ऑक्सिजनने तिला गंज चढे आणि ती तुटे. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. हेच निक्रोम. ही तार तापल्यावर तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. टोस्टर, इस्त्री, गिझर, शेगडी, या सगळ्यांच्या मुळाशी हा एक शोध आहे.

पुढे तिकडे ‘रेंज’ रुळली. वर चार चुली, खाली भट्टी आणि या सगळ्यासाठी मेनपासून आलेली स्वतंत्र जाड वायर. त्यातली तापणारी तार उघडी नसते. ती धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून बसवलेली असते. उष्णता बाहेर येते, करंट येत नाही. कोकणातली आपली कितीतरी कुटुंबे आखातात, आफ्रिकेत, विलायतेत राहिली. त्यांनी अशी रेंज पाहिली आहे, वापरली आहे.

आपल्याकडे रेंज आली नाही, हीटर आला. चिनी मातीची चकती, तिच्यात चकलीसारखी खाच, त्या खाचेत निक्रोमची उघडी स्प्रिंग, खाली तीन पाय. तो का आला, हेही समजून घेतले पाहिजे. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलने बर्शेन नावाने सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली, १९६५ साली इंडेन आला, पण सामान्य माणसाला जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. रॉकेल रेशनवर आणि रांगेत. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले आणि तीन पाळ्यांत काम करणारा कामगार कळव्याच्या, मुंब्र्याच्या, दिव्याच्या खोल्यांत राहू लागला. रात्रपाळीहून पहाटे आलेल्या माणसाला चहा आणि भात करायला हीटर हाताशी होता. धूर नाही, रांग नाही.

पण खोली भाड्याची आणि मीटर मालकाचे. ‘हीटर लावायचा नाही’ ही अट खोली देतानाच सांगितली जाई. म्हणून हीटर पलंगाखाली राहिला, दार लावून पेटवला गेला. जी वस्तू लपवून वापरायची, तिच्यासाठी वायरमन कोण बोलावणार? दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. तो पंख्या-दिव्यासाठी असलेल्या ५-६ अँपिअरच्या दोन पिनांच्या सॉकेटवर चालला. तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, नाहीच. फ्यूज उडाला की किटकॅटमध्ये वायरचे दोन-चार जाड पदर गुंडाळले गेले. कॉइल तुटली की टोके पिळून जोडली. अशा जोडणीने तार आखूड होते, तिचा रोध कमी होतो आणि ती आधीपेक्षा जास्त करंट खेचते. म्हणजे दुरुस्ती करता करता हीटर अधिक धोकादायक होत गेला.

त्यात कॉइल उघडी. दूध उतू गेले, डाळीत खालपर्यंत चमचा गेला, ॲल्युमिनियमचे पातेले वाकून तारेला टेकले, तर पातेल्यालाच वीज येते. ओल्या फरशीवर अनवाणी बसून स्वयंपाक करणारी बाई आणि जमीन यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘फ्यूज आहे, काही होत नाही’ असे आपण म्हणतो. फ्यूज किंवा एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. साठ वॉटचा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर करंट घेतो. माणसाच्या छातीतून त्याच्या कितीतरी कमी करंट गेला तरी हृदय थांबू शकते. सहा अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे. आरसीसीबी नावाचा तो स्विच गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे. स्विच पडला तर ठीक, नाही पडला तर तो बदलायचा.

कळवा-मुंब्र्याच्या विजेच्या इतिहासात भारनियमनाचे पान टाळता येत नाही. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे वीज जास्त तास बंद, असे महावितरणचे सूत्र होते. त्यात नियमित बिल भरणारेही अंधारात बसले आणि सगळ्या मोहल्ल्यावर चोरीचा शिक्का बसला. १ मार्च २०२० पासून शीळ-मुंब्रा-कळवा भागाचे वितरण टोरंट पॉवरकडे गेले. त्यावर आंदोलने झाली, वाद झाले. शिक्का अन्यायाचा होता हे मी म्हणतोच. पण आकडा टाकून घेतलेली वीज ही दुसऱ्याच्या हक्कातली असते, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. शिवाय तिला धड फ्यूज नसतो, अर्थिंग नसते. ती बिल वाचवते आणि घर पणाला लावते.

भारनियमनाने एक वेगळा धोकाही शिकवायला हवा होता. शेगडी चालू असताना वीज जाते, आपण भांडे उतरवतो आणि बटण तसेच राहते. दोन तासांनी घरात कोणी नसताना वीज परत येते, आणि शेगडीवर तोवर फडके किंवा प्लास्टिकची टोपली पडलेली असते. वीज गेली की आधी बटण बंद करायचे, मग मेणबत्ती शोधायची.

आता हीटर मागे पडला आहे. २००३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने विजेच्या शेगडीला आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘गो इलेक्ट्रिक’ मोहीम सुरू झाली तेव्हा नितीन गडकरींनी विजेवरच्या स्वयंपाकाला अनुदान देण्याची कल्पना मांडली. २०२३ मध्ये २० लाख इंडक्शन शेगड्या देण्याची योजना जाहीर झाली. म्हणजे कधीकाळी पलंगाखाली लपलेली शेगडी आता सरकारी पाहुणी होऊन ओट्यावर येते आहे. मग तिची अदबही उघडपणे शिकली पाहिजे.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याचे वेटोळे असते. ते वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्यामुळे भांड्याचा बूडच तापतो. म्हणून ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडे चालते. कलई केलेली तांब्याची देग किंवा ॲल्युमिनियमचा टोप तिच्यावर तापत नाही. काच तापते ती भांड्यामुळे, आणि भांडे उतरवल्यावरही बराच वेळ गरम राहते. इन्फ्रारेड शेगडीत मात्र काचेखालची तार लाल होते. तिला कोणतेही सपाट भांडे चालते आणि भाजण्याचा धोकाही जास्त. दोन्हींना १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट हवे. एक्स्टेन्शन बोर्डावर शेगडी आणि फ्रिज एकत्र नकोत. खालच्या पंख्याची जाळी मोकळी ठेवा, खाली कागद किंवा टेबलक्लॉथ नको. काचेला तडा गेला तर शेगडी त्याच दिवशी बंद करा, कारण तड्यातून पाणी आत उतरते. पुसायचे ते पिन काढून आणि काच निवल्यावर, ओलसर फडक्याने. पाणी ओतून कधीच नाही. घरात कोणाला पेसमेकर असेल तर इंडक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ओव्हनचीही तीच गोष्ट. ईदच्या आधी नानकटाईचे पीठ मळून, ट्रे मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन भाजून आणण्याची आपली जुनी रीत. मग घरात काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन आला, आता ओटीजी. भट्टीजवळ भट्टीवाला होता, ओव्हनजवळ कोणी नसतो. त्याची तिसरी पिन मोडू नका, वर कपडे वाळत टाकू नका, सांडलेले तूप निवल्यावर लगेच पुसा. परदेशात ज्यांच्याकडे मोठी रेंज आहे त्यांनी ती मागून भिंतीला कंसाने अडकवलेली आहे ना, हे पाहावे. उघड्या दारावर मूल चढले तर रेंज पुढे कलंडते आणि वरचे उकळते भांडे त्याच्या अंगावर येते.

आणि अपघात झालाच तर? कढईतले तेल पेटले तर शेगडी बंद करून घट्ट झाकण ठेवायचे, पाणी टाकायचे नाही. कोणाला करंट लागून माणूस चिकटला तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. म्हणून मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे आणि त्याच्यासमोर कपाट नको.

नानी-दादींनी चुलीचे नियम घालून दिले होते. पदर खोचून बसायचे, निखारा उघडा ठेवून झोपायचे नाही, मूल रांगत असेल तर चूल एकटी सोडायची नाही. स्टोव्ह आला तेव्हा पिन मारणे आणि हवा सोडणे घराघरात शिकवले गेले. विजेचे ज्ञान मात्र पुरुषाचे, वायरमनचे, कारखान्याचे मानले गेले आणि शेगडी चालवणारी बाई त्यापासून दूर राहिली. स्विचगिअर बनवणाऱ्या गावातही घरातल्या स्त्रीला आरसीसीबीचे बटण दाखवायचे राहून गेले असेल, तर तो केवळ तिचा प्रश्न नाही. रमजानमध्ये सहेरीला, अर्धवट झोपेत, ओल्या हातांनी जी शेगडी पेटवते तिला तिच्या घरातली वीज कुठून येते, कुठे तुटते आणि अर्थिंग आहे की नाही, हे कळले पाहिजे. मुलीला कळले पाहिजे, मुलालाही. चांगल्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासायला फार खर्च येत नाही. पुढच्या रमजानची वाट न पाहता ते याच महिन्यात करून घ्यावे.