खिंड (युद्धनीती)

खिंड म्हणजे डोंगररांगेतील अरुंद वाट. युद्धनीतीत ही संकल्पना अधिक व्यापक अर्थाने घेतली जाते. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना जी अरुंद जागा टाळता येत नाही, ती जागा सामरिक दृष्टीने खिंडच होय. मग ती डोंगरातील वाट असो, नदीवरील पूल वा उतार असो, किंवा होर्मुझसारखी सामुद्रधुनी असो. अशा जागी थोडे सैन्य मोठ्या सैन्याला काही काळ रोखून धरू शकते. महाराष्ट्रात या तत्त्वाचा वापर घाटमाथ्यावरील किल्ल्यांच्या रचनेत आणि सतराव्या शतकातील अनेक लढायांत दिसतो. नाशिक जिल्ह्यातील सातमाळा रांग व तेथे १६७० मध्ये झालेली वणी-दिंडोरीची लढाई हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अलीकडच्या काळात अंतराळावर आधारलेल्या संगणकीय व्यूहरचना खेळांतही हेच तत्त्व मध्यवर्ती ठरले आहे.

संज्ञा

मराठीत अशा वाटांना स्थानपरत्वे वेगवेगळी नावे आहेत. सह्याद्री उतरून कोकणात जाणाऱ्या वाटेस ‘घाट’ म्हणतात, तर अतिशय चिंचोळ्या व उभ्या घळीतून उतरणाऱ्या वाटेस ‘नाळ’. नाशिक व बागलाण भागात रांग ओलांडणाऱ्या वाटेसाठी ‘बारी’ हा शब्द रूढ आहे; देवळ्याजवळील भावडबारी हे त्याचे उदाहरण. जेथे वाट अडवून जकात घेतली जाई, ती जागा ‘नाका’ होय. जकात वसूल करणे आणि शत्रूला अडवणे ही दोन्ही कामे एकाच गोष्टीवर अवलंबून असतात: वाटसरूला दुसरी वाट नसणे.

तत्त्व

खिंडीचा लाभ मुख्यतः तीन प्रकारे होतो. पहिला, आक्रमकाची संख्या निरुपयोगी ठरते. दहा हजारांचे सैन्य असले, तरी अरुंद वाटेत एका वेळी मोजकेच सैनिक लढू शकतात; उरलेले मागे खोळंबून राहतात. दुसरा, सैन्याची रांग लांबते. आघाडी खिंडीबाहेर पडते तेव्हा पिछाडी व सामान अजून मागेच असते, त्यामुळे आघाडीला एकटे गाठता येते. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा लाभ म्हणजे वेळ. खिंडीतील तुकडीने शत्रूचा संपूर्ण पराभव करावा अशी अपेक्षा सहसा नसते. मागे चाललेले काम पुरे होईपर्यंत तिने टिकाव धरला, की तिचे कार्य साधते.

नाशिक परिसरातील खिंडी

सातमाळा ही सह्याद्रीपासून पूर्वेकडे गेलेली रांग आहे. तिच्या उत्तरेस गिरणेचे व दक्षिणेस गोदावरीचे खोरे येते. बागलाण व खानदेशातून नाशिककडे येणाऱ्यास ही रांग ओलांडावी लागे. त्यामुळे अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचन, राजदेहेर, इंद्राई, चांदवड ते अंकाई-टंकाई अशी किल्ल्यांची मालिकाच या रांगेवर उभी राहिली. यांतील अनेक किल्ले केवळ उंच जागा म्हणून नव्हे, तर जवळच्या वाटेवर नजर ठेवता यावी म्हणून महत्त्वाचे होते. मुंबई-आग्रा महामार्ग आजही चांदवडच्या उत्तरेस राहुड घाटातूनच ही रांग ओलांडतो. पश्चिमेकडे नाशिकहून कोकणात उतरणारा थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, अशीच दुसरी मोक्याची वाट आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६५ मध्ये याच घाटाने इगतपुरीस पोहोचला.

वणी-दिंडोरीची लढाई

ऑक्टोबर १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. परतताना मोठी लूट सोबत असल्याने सैन्याचा वेग मंदावला होता. महाराज बागलाणमार्गे सातमाळा रांगेकडे आले. त्यांना अडवण्यासाठी शाहजादा मुअज्जमने दाऊदखान कुरेशी यास रवाना केले. दाऊदखान चांदवडला पोहोचला तेव्हा मराठा सैन्याचा काही भाग कांचन किल्ल्याजवळील खिंड ओलांडून पुढे गेला होता आणि उरलेला भाग खिंड रोखून थांबला होता.

१७ ऑक्टोबर १६७० रोजी लढाई झाली. मोगल आघाडीचा सरदार इखलासखान मियाना हा मुख्य सैन्याची वाट न पाहता थोड्या स्वारांनिशी मराठ्यांवर चालून गेला व जखमी होऊन घोड्यावरून पडला. मागून दाऊदखानाच्या तुकड्या टप्प्याटप्प्याने येत राहिल्या. मोगलांची मोठी हानी झाली. या मोहिमेत मोगल सैन्यासोबत असलेल्या भीमसेन सक्सेना याने लढाईचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे.

लढाईचा खरा निकाल मात्र रणांगणाबाहेर लागला. मोगलांचा पाठलाग थांबला आणि लूट सुखरूप पुढे गेली. खिंड कायमची ताब्यात ठेवण्याचा मराठ्यांचा हेतू नव्हता. काम होताच ते कोकणाच्या दिशेने निघून गेले. एका विस्तृत मैदानी लढाईत जड सामानासह अडकण्याचा धोका त्यांनी अशा रीतीने टाळला.

अन्य उदाहरणे

१३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत सिद्दी मसूदच्या सैन्याला रोखले. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंतचा वेळ मिळवणे, हाच या लढतीचा हेतू होता. ही खिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली गेली.

फेब्रुवारी १६६१ मधील उंबरखिंडीच्या लढाईत हेच तत्त्व उलट वापरले गेले. घाट उतरून कोकणात येणाऱ्या कारतलबखानाच्या सैन्याला खिंडीत शिरू दिले गेले आणि मग पुढची व मागची अशी दोन्ही तोंडे बंद करण्यात आली. कोंडलेल्या खानाला खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. खिंड ही जशी दरवाजा होऊ शकते, तसा सापळाही होऊ शकते, हे या लढाईतून स्पष्ट होते.

मर्यादा

खिंडीचे बळ दुसरी वाट नसण्यात असते. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत ग्रीकांनी विशाल इराणी सैन्याला रोखले होते. परंतु डोंगरातील आडवाट शत्रूला कळताच ते पाठीमागून घेरले गेले. म्हणून मुख्य वाटेइतकीच आडवाटांवर पहारा ठेवणे आवश्यक ठरते.

दुसरी मर्यादा अशी, की खिंडीवरील ठाण्यामागे फिरते सैन्य नसेल तर ठाणे फार काळ टिकत नाही. १८१८ मध्ये पेशव्यांची फौज नाशिक भागातून नाहीशी झाल्यावर लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलने राजदेहेर, अंकाई व त्र्यंबक हे किल्ले अल्पावधीत घेतले. त्र्यंबकच्या पाडावानंतर आणखी सतरा किल्ले लढाईविना शरण आले. किल्ल्यांचे कडे पूर्वीइतकेच उंच होते. त्यांच्या मदतीला येणारे कोणी उरले नव्हते.

अंतराळातील व्यूहरचना खेळ

वास्तवातील अंतराळात डोंगर नसल्याने तेथे कोणत्याही दिशेने जाता येते. त्यामुळे अशा खेळांत खिंड निर्माण करायची तर ती नियमांनीच करावी लागते. अनेक खेळांत तारे ठरावीक मार्गांनी जोडलेले असतात आणि आरमाराला त्या मार्गांवरूनच जाता येते. ‘सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर’ (२००८) मध्ये ग्रहांदरम्यान असेच मार्ग आहेत. ‘स्टेलॅरिस’ (२०१६) या खेळात आरंभी प्रवासाच्या तीन पद्धती होत्या, त्यांपैकी काहींमध्ये सीमेवरील ठाणे सहज ओलांडून जाता येई. २०१८ मधील २.० या आवृत्तीत ठरावीक मार्गांचा प्रवास सर्वांना लागू झाला आणि सीमेवरील ठाण्यांना अर्थ प्राप्त झाला.

या खेळांतील संरक्षणाची रीत सातमाळेवरील रचनेशी मिळतीजुळती आहे. अनेक मार्ग जेथे एकत्र येतात अशा ताऱ्यापर्यंत राज्याची सीमा वाढवली, तर थोड्या ठाण्यांत मोठा प्रदेश सुरक्षित होतो. तेथील ठाण्यात शत्रूचा पुढील प्रवास रोखणारी यंत्रणा बसवली, तर ठाणे जिंकल्याशिवाय त्याला पुढे सरकता येत नाही; आला त्या वाटेने परतणे एवढेच त्याच्या हाती उरते. मुख्य आरमार मात्र ठाण्यात न अडकवता मागे, दोन-तीन नाक्यांना सारखेच जवळ पडेल अशा जागी ठेवणे हिताचे असते. ठाण्याने वेळ काढायचा आणि आरमाराने निकाल लावायचा, अशी ही कामाची वाटणी आहे.

खेळाच्या उत्तरार्धात दूरचे तारे जोडणारी द्वारे व मार्गांविना झेप घेण्याचे तंत्र उपलब्ध होते, तेव्हा नाक्यांचे महत्त्व ओसरते. थर्मोपिलीची आडवाट येथे नव्या रूपात पुढे येते. केवळ सीमेवरील ठाण्यांवर विसंबून राहिलेल्या खेळाडूचे आतले ग्रह अशा वेळी उघडे पडतात.