रुग्णशय्येच्या शोधात : आनंदीबाई जोशी व रखमाबाई यांच्या परदेशी वैद्यकीय शिक्षणाचा पुनर्विचार

सारांश

एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचा इतिहास बहुधा ‘पहिला’ वा ‘पहिली’ या विशेषणाभोवती आणि पदवीच्या तारखेभोवती लिहिला गेला आहे. प्रस्तुत निबंधात तोच इतिहास रुग्णालयीन प्रशिक्षणाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. डॉ. आनंदीबाई जोशी व डॉ. रखमाबाई यांच्या शिक्षणप्रवासाची तुलना करून असे प्रतिपादन केले आहे की, त्या काळातील स्त्रियांसाठी परदेशगमन हे मुख्यतः रुग्णशय्येपर्यंत पोहोचण्याचे साधन होते. आणि त्या शिक्षणाची फलश्रुती पदवीइतकीच विद्यार्थिनीचे आरोग्य, तिला लाभलेला आधार व परतल्यानंतरची व्यवस्था यांवर अवलंबून होती.

प्रस्तावना

वैद्यकशास्त्र व्याख्यानात ऐकता येते, ग्रंथांतून वाचता येते. परंतु ते अंगवळणी पडते ते रुग्णाच्या खाटेजवळच. म्हणूनच वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात ‘महाविद्यालयात प्रवेश कोणाला मिळाला?’ या प्रश्नाइतकाच ‘रुग्णालयात प्रवेश कोणाला मिळाला?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पहिला प्रश्न चरित्रकारांनी वारंवार विचारला. दुसऱ्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले.

मराठी वाचकांस आनंदीबाईंचे जीवन काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्रापासून परिचित आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ते घराघरांत पोहोचविले. रखमाबाईंचे नाव मात्र प्रामुख्याने त्यांच्यावरील खटल्याच्या संदर्भात घेतले जाते. या दोघींकडे एकाच वेळी ‘परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थिनी’ म्हणून पाहिल्यास काय हाती लागते, हा या निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) भारतीय विद्यार्थ्यांच्या परदेशी वैद्यकीय शिक्षणामागील भिन्न प्रेरणा स्पष्ट करणे.
२) स्त्रियांच्या रुग्णालयीन प्रशिक्षणातील अडथळ्यांचा आढावा घेणे.
३) आनंदीबाई व रखमाबाई यांच्या अनुभवांची तुलना करून त्यातून आजच्या परिस्थितीसाठी निघणारा बोध मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. दर्जासाठी केलेला प्रवास

वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस गेलेल्या भारतीयांचा पहिला गट १८४५ मधील. कलकत्ता मेडिकल कॉलेजमधील भोलानाथ बोस, गोपालचंद्र शील, द्वारकानाथ बोस आणि सूर्यकुमार चक्रवर्ती हे चार विद्यार्थी प्रा. गुडीव्ह यांच्यासमवेत लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. त्यांपैकी दोघांचा खर्च द्वारकानाथ टागोर यांनी उचलला होता. चक्रवर्ती यांनी १८४९ मध्ये एम.डी. पदवी मिळविली आणि १८५५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा खुली होताच तीत यश संपादन केले.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. कलकत्त्याचे महाविद्यालय १८३५ मध्येच स्थापन झाले होते. शवविच्छेदन व रुग्णनिरीक्षण यांची सोय तेथे होती. मुंबईतही १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्यास जोडूनच सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले. म्हणजे पुरुष विद्यार्थ्यास रुग्णशय्या स्वदेशातच उपलब्ध होती. तो परदेशी गेला तो मुख्यतः दर्जासाठी. इंग्रज डॉक्टरांच्या बरोबरीचे स्थान ज्या पदवीने व ज्या परीक्षेने मिळणार होते, ती लंडनमध्ये होती. स्त्रियांची कथा याहून मुळातच निराळी आहे.

२. रुग्णालयाची बंद दारे

स्त्रियांना रुग्णशय्येपासून दूर ठेवण्यात युरोप व अमेरिका मागे नव्हते. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८४९ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली. परंतु प्रत्यक्ष अनुभवासाठी त्यांना पॅरिसच्या ‘ला मॅटर्निटे’ या प्रसूतिगृहात, पदवीधर असूनही, शिकाऊ सुईण म्हणून राहावे लागले. तेथेच एका अर्भकाच्या डोळ्यांवर उपचार करताना झालेल्या संसर्गाने त्यांचा एक डोळा गेला.

फिलाडेल्फिया येथे १८५० मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तरीही शहरातील रुग्णालये विद्यार्थिनींना बंद होती. म्हणून १८६१ मध्ये ‘विमेन्स हॉस्पिटल’ स्थापन करण्यात आले, आणि त्याची धुरा सांभाळता यावी यासाठी एमिलीन हॉर्टन क्लीव्हलँड यांना पुन्हा पॅरिसच्याच ‘मॅटर्निटे’त शिकण्यासाठी पाठविले गेले. १८६९ च्या नोव्हेंबरात या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील रुग्णालयीन व्याख्यानास प्रथमच गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची जाहीर हुर्यो उडविली.

ब्रिटनमध्ये एडिंबरा येथील विद्यार्थिनींना १८७० मध्ये सर्जन्स हॉलपाशी दंगलीस तोंड द्यावे लागले. सोफिया जेक्स-ब्लेक यांनी १८७४ मध्ये ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’ काढले. पण पहिली तीन वर्षे या संस्थेजवळ रुग्णालय नव्हते. व्याख्याने होत, प्राध्यापक होते, विद्यार्थिनी होत्या. नव्हत्या त्या रुग्णांच्या खाटा. १८७७ मध्ये जेम्स स्टॅन्सफेल्ड यांच्या मध्यस्थीने रॉयल फ्री हॉस्पिटलने विद्यार्थिनींना प्रवेश दिला. आपल्या देणगीदारांचा रोष होईल अशी रुग्णालयास भीती वाटत होती. म्हणून संभाव्य तोट्याची आर्थिक हमी शिक्षणसंस्थेस द्यावी लागली.

याच सुमारास मद्रास येथे घडलेली घटना उद्बोधक आहे. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच, म्हणजे रॉयल फ्रीचे दार उघडण्यापूर्वी दोन वर्षे, चार स्त्रियांना प्रवेश दिला. त्यांपैकी मेरी शार्लीब या इंग्रज विद्यार्थिनीने मद्रासमध्ये शिक्षण घेऊन नंतर १८८२ मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली. ज्ञान नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच वाहत होते, या समजुतीस हे उदाहरण छेद देते. जेथे रुग्णशय्या खुली होती, तेथे विद्यार्थिनी गेली, एवढेच सत्य यातून उरते.

३. आनंदीबाई : फिलाडेल्फियातील तीन वर्षे

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाईंचे नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. योग्य वैद्यकीय साहाय्याच्या अभावाचा हा अनुभव त्यांच्या निर्धारामागे होता, हे सर्वज्ञात आहे. गोपाळरावांचे पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ते न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि त्यातून साहाय्याचा धागा जुळला.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे दिलेल्या भाषणात आनंदीबाईंनी ‘मी अमेरिकेस का जाते?’ या प्रश्नाचे उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्रियांना वैद्यकाचे पूर्ण शिक्षण मद्रासखेरीज अन्यत्र मिळत नाही, इतरत्र सुईणकामापुरतेच वर्ग आहेत, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक मुख्य आधार होता. ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले ते त्याच वर्षी. सरकारदरबारी व समाजात चाललेल्या हालचालींचे फळ हाती येण्यापूर्वीच, ७ एप्रिल १८८३ रोजी, त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले.

महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली याही तेथे शिकत होत्या. १८८५ मधील या तिघींचे छायाचित्र आज सुप्रसिद्ध आहे. ज्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या, त्यास स्वतःचे स्त्री-रुग्णालय लाभले होते ते वर वर्णिलेल्या वीस-बावीस वर्षांच्या झगड्यामुळे. म्हणजे आनंदीबाईंपर्यंत पोहोचलेली रुग्णशय्या आधीच्या पिढीतील स्त्रियांनी अपमान सोसून मिळविलेली होती.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. परक्या देशात शिकत असता स्वदेशातील प्रसूतिविचार अभ्यासासाठी निवडावा, यातच त्यांच्या शिक्षणाची दिशा स्पष्ट होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ करणारे पत्रही त्यांना मिळाले. परंतु थंडी, अपुरा व न मानवणारा आहार आणि क्षयरोग यांनी शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरचा तो कक्ष त्यांची वाट पाहतच राहिला.

४. रखमाबाई : लंडन ते सुरत

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ. वैद्यकविद्या त्यांना अशा प्रकारे घरातच दिसत होती. अकराव्या वर्षी झालेल्या विवाहाचे बंधन नाकारल्यामुळे १८८४ पासून चाललेल्या खटल्यात, मार्च १८८७ मध्ये, पतीकडे नांदावयास जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

या काळात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत डॉ. एडिथ पीची होत्या. एडिंबरामधील त्या संघर्षशील विद्यार्थिनींपैकीच त्या एक. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईस आल्या आणि कामा रुग्णालयाच्या उभारणीत त्यांनी मोलाचा वाटा उचलला. त्यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्री-वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. मॅक्लारेन दांपत्याने त्यांना घरच्या माणसाप्रमाणे आधार दिला. रॉयल फ्री हॉस्पिटलमधील प्रशिक्षणासह शिक्षण पूर्ण करून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परतल्यावर सुरत व त्यानंतर राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत मिळून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

५. तुलनात्मक विवेचन

दोघींच्या वयात केवळ काही महिन्यांचे अंतर. दोघींचे बालविवाह झालेले. दोघींनी समाजाचा रोष पत्करून समुद्र ओलांडला. असे असता एकीची सेवा सुरू होण्यापूर्वीच संपली आणि दुसरीची दीर्घकाळ चालली, याचे उत्तर केवळ दैवात शोधणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. क्षयासारख्या रोगापुढे त्या काळी कोणाचेच काही चालत नव्हते, हे मान्य करूनही तीन भेद नोंदविणे आवश्यक वाटते.

पहिला भेद वेळेचा. आनंदीबाई १८८३ मध्ये निघाल्या तेव्हा मुंबईत स्त्री-डॉक्टरांची व्यवस्था नुकतीच आकार घेत होती. रखमाबाई परतल्या तोवर कामा रुग्णालय (१८८६) उभे होते आणि डफरिन फंडाने (१८८५) देशभर स्त्री-रुग्णालयांना चालना दिली होती. दुसरा भेद आधाराचा. आनंदीबाईंस श्रीमती कार्पेंटर यांचे मातृवत प्रेम लाभले; परंतु फिलाडेल्फियातील हिवाळा त्यांना लुगड्यात आणि शाकाहारावर, आजारी शरीराने काढावा लागला. तिसरा भेद मार्गदर्शनाचा. रखमाबाईंच्या पाठीशी तीच वाट आधी चाललेली आणि मुंबईतील रुग्णांची ओळख असलेली स्त्री-डॉक्टर होती. आनंदीबाईंपुढे अशी कोणीही नव्हती. त्यांना स्वतःच वाट पाडावी लागली.

यावरून आनंदीबाईंचे श्रेय उणे होत नाही. उलट त्यांच्या गौरवात आपण ज्या पदवीचा उच्चार करतो, तिची किंमत काय होती हे अधिक स्पष्ट होते.

६. आजच्या संदर्भात

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. परदेशात वैद्यकीय पदवी घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी २००२ च्या विनियमांनी चाळणी परीक्षा बंधनकारक झाली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये केलेल्या विनियमांनुसार किमान ५४ महिन्यांचे शिक्षण, त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता आणि भारतात परतल्यावर पुन्हा बारा महिन्यांची आंतरवासिता आवश्यक ठरविण्यात आली. या तरतुदींचा रोख पदवीपत्रापेक्षा रुग्णशय्येवर आहे, हे उघड आहे.

कोविड महासाथीमुळे चीनमधून आणि फेब्रुवारी २०२२ मधील युद्धामुळे युक्रेनमधून हजारो विद्यार्थी अर्धवट शिक्षण घेऊन परतले. त्यांचे वर्ग पडद्यावर चालले. रुग्ण मात्र पडद्यावर तपासता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२२ च्या निर्णयात प्रत्यक्ष प्रशिक्षणाची अपरिहार्यता मान्य केली आणि अशा विद्यार्थ्यांचे रुग्णालयीन प्रशिक्षण पूर्ण करून घेण्यासाठी योजना आखण्याचा निर्देश आयोगास दिला. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये आयोगाने अशा काही विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाऐवजी दोन वर्षांच्या आंतरवासितेची तरतूद केली. लंडनच्या विद्यालयाने १८७४ ते १८७७ या काळात अनुभवलेली अवस्था, म्हणजे व्याख्याने आहेत पण खाटा नाहीत, दीडशे वर्षांनी निराळ्या कारणाने पुन्हा अवतरली.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. विद्यार्थी ज्या खाटेजवळ शिकतो, तिच्यावर माणूस असतो, आणि तो बहुधा गरीब असतो. पॅरिसच्या प्रसूतिगृहातील स्त्रियांची नावे कोणत्याही चरित्रात आलेली नाहीत. आज समृद्ध देशांतील विद्यार्थी काही आठवड्यांच्या अनुभवासाठी आशिया-आफ्रिकेतील रुग्णालयांत येतात, तेव्हाही शिकणाऱ्याचा लाभ आणि रुग्णाचे हित यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न कायमच आहे.

निष्कर्ष

१) एकोणिसाव्या शतकातील भारतीय पुरुष विद्यार्थ्यांचा परदेशप्रवास प्रामुख्याने दर्जासाठी होता; स्त्रियांचा प्रवास प्रथमतः रुग्णशय्येसाठी होता. दोहोंची गणना एकाच मापाने करणे योग्य नाही.

२) रुग्णालयीन प्रशिक्षणाची संधी कोणत्याही देशाने स्त्रियांना सहजपणे दिली नाही. पॅरिस, फिलाडेल्फिया, मद्रास व लंडन येथील प्रयत्न परस्परांस पूरक ठरले आणि त्यांचा लाभ महाराष्ट्रातील विद्यार्थिनींपर्यंत पोहोचला.

३) परदेशी शिक्षणाची सफलता पदवीदानाच्या दिवशी ठरत नाही. विद्यार्थ्याचे आरोग्य, निवास, आहार, अनुभवी मार्गदर्शन आणि परतल्यानंतरचे कामाचे ठिकाण ही त्या शिक्षणाचीच अंगे होत.

आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी अनेक विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशाची वाट धरतात. त्यांना शिफारसपत्र देताना आणि निरोप समारंभात आनंदीबाईंचे उदाहरण सांगताना, ‘तेथे तुम्हांला रुग्ण तपासावयास मिळतील काय, आणि आजारी पडल्यास तुम्हांला कोण पाहील?’ हे दोन प्रश्न अध्यापकांनी अवश्य विचारावेत. आनंदीबाईंच्या स्मृतीस तेच खरे अभिवादन ठरेल.