नदीचा काठ आणि गावची बाग

मंडळी, साक्री गाव कान नदीच्या काठी वसले आहे. ही कान पुढे पांझरेला मिळते आणि पांझरा धुळ्यावरून वाहत जाऊन तापीला मिळते. पावसाळ्याचे चार महिने आणि फार तर पौषापर्यंत या नद्यांना धार असते. मग उरतात वाळू, गोटे आणि मधूनमधून एखादा डोह. अशा नदीच्या काठी बाग करायची म्हणजे गंगा-यमुनेच्या काठी बाग करण्यासारखे नव्हे, हे आपणांस मी सांगायला नको. तरी ते विसरले जाते, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावी नदीकाठच्या मोकळ्या जागेवर बाग करायचे ठरले. गावाचे नाव घेत नाही. नकाशा मोठा देखणा होता. कारंजे होते, सिमेंटचे बाक होते, गोल पायवाट होती आणि दर्शनी बाजूला कमान होती. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बसलेले एक आजोबा उठले आणि अहिराणीत म्हणाले, “झाडे लावाले सम्दा येतस, पानी घालाले कोनी नही.” सभा हसली. मीही हसलो. पावसाळ्यात वाजतगाजत रोपे लावली गेली. लावणाऱ्यांत माझ्या शाळेची मुले होती आणि पुढे मीच होतो. पुढच्या आखाजीला त्या जागी गेलो, तेव्हा कमान तेवढी उभी होती. रोपांच्या जागी वाळलेल्या काड्या, आणि त्यांत अडकलेला बाजारचा कचरा. तेव्हापासून आजोबांचे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारीत नाही. मलाही तो प्रश्न तेव्हा सुचला नव्हता.

पण आपल्या वाडवडिलांना तो सुचला होता. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांच्या काठी शेकडो वर्षे हिरवळ टिकली होती. तिला कोणी बाग म्हणत नसे, फड म्हणत. फडबागाईत म्हणजे काय ते इथल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे, परंतु शहरातून आलेल्या गुरुजींसाठी आणि मुलांसाठी थोडे सांगतो. नदीवर दगडी बंधारा घालायचा. हे बंधारे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीपासूनचे समजले जातात. बंधाऱ्यापासून काठाकाठाने पाट काढायचा. त्या पाटाखाली जेवढे शिवार भिजेल त्याचे तीन-चार भाग पाडायचे. हे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात भात किंवा गहू, आणि ज्या फडाला यंदा पाणी पुरणार नाही तिथे कोरडवाहू पीक, नाहीतर जमीन पडीक. दुसऱ्या वर्षी फेरपालट.

यातली खुबी अशी की एकाच माणसाची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाण्याच्या वर्षी सगळ्यांना मिळे आणि तुटीच्या वर्षी सगळ्यांनाच थोडे थोडे सोसावे लागे. पाणी वाटायला पाटकरी आणि पिके राखायला जागल्या. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, मग तो पाटील असो की साधा कुणबी. पाटकरी आणि जागल्या यांचा मोबदला पिकातूनच मिळे. पाट साफ करण्याच्या वेळी ज्यांची जमीन भिजते त्या साऱ्यांनी यायचे. तंटा झालाच तर पंच बसत.

आता कोणी म्हणेल, हे शेतीचे झाले, बागेशी याचा काय संबंध? संबंध आहे. पाटाच्या ओलीवर आंबा, जांभूळ, उंबर ही झाडे वाढत. त्यांच्या सावलीला गुरे बसत, वाटसरू बसत. खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. वैशाखातले ते ऊन आठवा. जे झाड त्या उन्हात हिरवे असते आणि ज्याची फांदी झोका पेलते, ते झाड एका वर्षाच्या योजनेतून उभे राहत नाही. त्याला वीस-पंचवीस वर्षे कोणीतरी राखलेले असते. श्रावणात कानबाईचे विसर्जनही नदीवरच होते. तेव्हा बायाबापड्यांना काठावर उभे राहायला मोकळी, स्वच्छ जागा लागते. नदीकाठ हा असा सगळ्यांच्या वापरात होता, आणि वापर होता म्हणूनच राखणही होती.

राखणीचा हा विचार राज्यकारभारातही होता. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सुमारे १७१५ चे. त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्यावरचे निर्बंध सांगितले आहेत. आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती जबरीने तोडू नयेत, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. गुरुजींनी हा उतारा वर्गात अवश्य वाचावा. इतिहास म्हणजे केवळ लढाया नव्हेत हे मुलांना त्यावरून कळते.

पुढे खानदेशाचे हाल झाले. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांची धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत गावेच्या गावे उठली. धुळे ओस पडले आणि नंतर पुन्हा वसवावे लागले. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशावर नेमला गेला. त्याने ठाण्यासाठी धुळे निवडले, कारण ते जिल्ह्याच्या मध्यावर आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर होते. १८१९ मध्ये नव्या धुळ्याची आखणी सुरू झाली. तेव्हा गावात जेमतेम अडीच हजार वस्ती होती. सरळ रस्ते, समांतर गल्ल्या, कचेऱ्या आणि व्यापाऱ्यांना सवलतीच्या जागा. आजही धुळेकर पाचवी गल्ली, सहावी गल्ली असेच पत्ते सांगतात. आपल्या भागात आधी रेघा आखून मग वस्ती करण्याचा हा पहिलाच मोठा प्रयोग असावा. त्यातले शिस्तीचे कौतुक केलेच पाहिजे. मात्र आखणीचा भर पेठ आणि कचेरी यांवर होता. नदीने आपली आठवण १८७२ मध्ये करून दिली. त्या वर्षीच्या पांझरेच्या पुराने धुळ्याचे फार नुकसान केले.

१८८४ मध्ये एक तरुण इंजिनियर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाला. त्याच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते पांझरेच्या पाण्यावरचे, नळाचा सायफन बसविण्याचे. पुराने ते काम अडविले, पण त्याने ते नेटाने पुरे केले. हेच पुढचे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८९९ नंतर नीरा कालव्यावर त्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली, तिच्यात ठराविक जमिनीच्या तुकड्यांना पिकांच्या फेरपालटीने पाणी द्यायचे असे. आपल्या फडाशी तिचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल.

आता थोडे खानदेशाबाहेर जाऊ. फार लांब नाही, आग्रा रस्त्यानेच पुढे इंदूरला. होळकरांची ती राजधानी, मराठी माणसांचे जुने घर. तिथल्या नदीचे नाव कान्ह. साक्रीची कान आणि इंदूरची कान्ह, नावापुरत्या बहिणीच म्हणा. या इंदूरला पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटलंडचे एक विद्वान आले. मूळ अभ्यास झाडाझुडपांचा आणि प्राण्यांचा, पण आयुष्य घातले गावे सुधारण्यात. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते जहाज जर्मनांच्या ‘एमडेन’ या लढाऊ जहाजाने बुडविले. गृहस्थ डगमगले नाहीत. नवे नकाशे, नवी चित्रे जमवून त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरविले. पुढे १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते.

गेडिस गावात आले की आधी पायी हिंडत. गल्लीबोळ, विहिरी, देवळे, पिंपळाचे पार पाहत. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याचा मोह त्यांना नव्हता. एखादी पडकी जागा साफ करून तिथे झाड आणि पार करावा, तळे बुजविण्याऐवजी स्वच्छ करावे, नदीकाठ लोकांसाठी मोकळा ठेवावा, असे त्यांचे म्हणणे असे. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात नदीकाठच्या बागांचा विचार आहे. त्यांची तिथली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. शहरात प्लेग होता. गेडिसांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढायची ठरविली आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील आणि जिथे लोकांनी झाडे लावली असतील तिथूनच जाईल. झाले! घरोघर केरसुण्या फिरू लागल्या. हुकूम काढून जे झाले नसते ते मिरवणुकीच्या मानाने झाले. गेडिसांना कळले होते की योजना कागदावर आखता येते, पण ती अंमलात आणायची तर माणसे हौसेने पुढे यावी लागतात.

कायद्याचे तेवढे थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ मध्ये झाला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी जागा राखून ठेवता येतात. लोक समजतात, नकाशावर हिरवा रंग दिला की बाग झाली. तसे नाही. आराखडा मंजूर झाल्यावर दहा वर्षांत जागा संपादन केली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या ठराविक मुदतीतही काही केले नाही तर आरक्षण आपोआप सुटते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. त्याची जमीन किती वर्षे अडकवून ठेवणार? पण गावाच्या दृष्टीने पाहाल तर एक पिढी ज्या मैदानाची वाट पाहते, ते तिच्या डोळ्यांदेखत निसटते.

नदीकाठाला आणखी एक नियम लागू पडतो. पाटबंधारे खाते पुराच्या दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांत सरासरीने एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम नको, असा संकेत आहे. बाग, मैदान, शेत हे चालते. म्हणजे पाहा, जिथे घर बांधू नये तीच जागा सावलीला आणि खेळायला सर्वांत योग्य. मात्र तिथे सिमेंट ओतून, भिंती घालून बाग केली तर ती बागही नदीला आडवीच येते. २०१९ च्या ऑगस्टात पांझरेला मोठा पूर आला तेव्हा धुळ्यात नदी पात्र सोडून वर चढली आणि लहान पूल पाण्याखाली गेले, हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. वर लाटीपाडा आहे, अक्कलपाडा आहे, कानेवर मालनगावचे धरण आहे. लोकांना वाटते, आता धरणे झाली, नदी काय करणार? पण धरण भरले की त्याचे पाणी नदीतच सोडावे लागते.

म्हणून साक्रीसारख्या गावी नदीकाठ सुधारायचा तर खर्चाचा आकडा विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. पाणी कुठपर्यंत येते, आणि चैत्र-वैशाखात पाणी कोण घालणार? पहिल्या प्रश्नावरून झाडांची निवड होते. अगदी पाण्यालगत वाळुंज, निर्गुडी. त्याच्या वर करंज, अर्जुनसादडा, उंबर, जांभूळ. ही आपल्या नद्यांची जुनी झाडे. पुरात वाकतील, पण मुळे सोडणार नाहीत. आणखी वर, कोरड्यावर, कडुनिंब आणि चिंच. गुलमोहर दिसायला सुंदर खरा, पण तो मादागास्करचा पाहुणा. वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, त्याला झोका बांधायची हिंमत करू नका.

दुसऱ्या प्रश्नाला पाटकरी हे उत्तर आहे. गावाने एक माणूस नेमावा, त्याचा पगार अंदाजपत्रकात दरवर्षी धरावा, आणि कमानीचे पैसे वाचले तर ते त्याच्याकडे वळवावेत. पहिली तीन वर्षे रोपे जगली की पुढे झाडे आपली आपण पाहतात. कारंज्याची मोटर कोण दुरुस्त करणार, यावरून मात्र दहा वर्षे भांडणे चालतात!

शिक्षकबंधूंना एक काम सुचवितो, त्याला पैसे लागत नाहीत. सातवी-आठवीच्या मुलांना नदीकाठच्या जुन्या घरी पाठवा. आजी-आजोबांना विचारू द्या, कोणत्या वर्षी पाणी कुठल्या पायरीला लागले होते, कोणते देऊळ बुडाले होते, कोणते झाड वाहून गेले. मुलांनी त्या खुणा गावच्या नकाशावर मांडाव्यात, जुन्या झाडांच्या जागाही दाखवाव्यात, आणि तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवितात. त्या वेळी अर्जाला मुलांच्या या नकाशाची एक प्रत जोडावी.