कोठीतला महाकाळ

श्रीधरस्वामींनी ‘शिवलीलामृत’ शके 1640 मध्ये बारामतीत पुरं केलं. ग्रंथात गावाचं नाव द्वादशमती, कऱ्हा नदीचं ब्रह्मकमंडलू. या पोथीतून उज्जैनीचा महाकाळ मराठी घरांत पोचला. त्याचाच नामधारी जपानात तांदळाच्या पोत्यांवर बसून खुदुखुदु हसतो. हातात मोगरी, पाठीवर झोळी, पायाशी उंदीर. तिथल्याच बिझेनच्या तपकिरी मातीत घडवलेला हा लठ्ठोबा जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचा लाडका. नाव दाइकोकू.

‘दाइ’ म्हणजे महा, ‘कोकू’ म्हणजे काळा. संस्कृतात ‘काल’ म्हणजे समयही आणि काळा रंगही. चिनी भाषांतरकारांनी रंग उचलला, समय सोडून दिला. त्यांना हसायचं कारण नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने लिहून ठेवलंय की, इथल्या मठांत मुदपाकखान्यापाशी महाकाळाची लाकडी मूर्ती असते, हातात सोन्याची थैली असते आणि तेल चोपडून चोपडून ती काळी पडलेली असते. (तेलाने देव काळा करण्यात आपला हात आजही कोणी धरणार नाही.) म्हणजे परदेशी गेला तो स्मशानातला महाकाळ नव्हे, कोठी सांभाळणारा. थैली तेव्हापासूनच त्याच्यापाशी आहे.

जपानात आणखी गंमत झाली. ‘मोठा देश’ अशा अर्थाची अक्षरंही ‘दाइकोकू’ अशीच वाचता येतात, आणि तीच तिथल्या ओकुनिनुशी या देवाच्या नावात आहेत. उच्चार जुळला, देव एक झाले. उंदीर ओकुनिनुशीच्या कथेतला, त्याला आगीतून वाचवणारा. गणपतीशी त्याचं नातं जोडू नये.

सगळेच शब्द असे अर्थाने गेले नाहीत. ‘दारुमा’ हे जपानी नाव म्हणजे बोधिधर्म या भिक्खूच्या नावातल्या ‘धर्म’चा नुसता ध्वनी. भिक्खूचं ‘पात्र’ तर चिनीतून झिजत ‘हाची’ झालं. जपानी माणूस आज झाडाच्या कुंडीलाही हाचीच म्हणतो.

आणि दाइकोकूची ती मूर्ती कशाची, असं विचारलं तर आपण बेधडक ‘चिनी मातीची’ म्हणणार. जपानी लोक अशा भांड्यांना त्यांच्या सेतो गावावरून ‘सेतोमोनो’ म्हणतात. बिझेनचा दाइकोकू मात्र सेतोचाही नाही आणि चिनी मातीचाही नाही. त्याला झिलई नसते. लाकडं जाळून पेटवलेल्या भट्टीत दिवसचे दिवस भाजताना उडालेली राख अंगावर बसते, तीही त्याला रंग देते. मराठीत त्याला ‘भाजक्या मातीचा’ म्हणावं.