उपासाची नक्कल: कीटो आहाराची कुळकथा

कीटो आहाराचं माहेर म्हणजे आकडीचा दवाखाना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकडीवर ब्रोमाइड आणि १९१२पासून फिनोबार्बिटल, याखेरीज फारसं काही नव्हतं. दोन्हींनी मूल गुंगून पडायचं. त्या काळात अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावी ह्यू काँक्लिन नावाचे एक ऑस्टिओपॅथ अशा मुलांना चक्क उपाशी ठेवत. अडीच-तीन आठवडे नुसतं पाणी! आतड्यात तयार झालेलं विष मेंदूत जातं आणि आकडी येते, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं होतं, पण बऱ्याच मुलांच्या फिट थांबत. १९२१ साली न्यूयॉर्कच्या डॉ. गेयेलिन यांनी उपासाचा हा गुण अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे मांडला, तेव्हा मोठ्या रुग्णालयांनीही कान टवकारले.

अडचण एवढीच, की मूल जेवायला लागलं की आकडी परतायची. आणि जन्मभर उपाशी कोण राहणार?

तोडगा सुचला तो मधुमेहाच्या डॉक्टरला. मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर. इन्सुलिन अजून बाजारात आलेलं नव्हतं, त्यामुळे पथ्यपाणी हाच त्यांचा रोजचा व्यवसाय. उपाशी शरीर चरबी जाळतं, यकृत त्यातून कीटोन बनवतं आणि साखर तुटपुंजी असताना मेंदू त्यावर काम भागवतो. पीठ-साखर जवळजवळ बंद करून नुसतं तूप-लोणी वाढलं, तरी हेच घडतं. मग उपासाची नक्कल का करू नये? १९२१ साली त्यांनी हा विचार मांडला आणि आहाराला ‘कीटोजेनिक’ हे नावही दिलं.

नावाला आकडे दिले त्याच क्लिनिकच्या पीटरमन यांनी. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं, दिवसभरात १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं, उरलेलं सगळं स्निग्ध. म्हणजे १५ किलोच्या मुलाला १५ ग्रॅम प्रथिनं. आणि कर्बोदकांचा दिवसाचा कोटा आपल्या एका मध्यम पोळीतच संपला. घास न् घास तोलायचा, साय ताटाला चिकटली तर तीही पुसून खायची. औषधाच्या गोड सिरपमधली साखरसुद्धा हिशेबात धरायची.

१९३८ साली फेनिटॉइन आलं. गोळी गिळायची की लोणी तोलत बसायचं, यात डॉक्टरांनी गोळी निवडली आणि आहार अडगळीत गेला. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांनी तो टिकवला म्हणून बरं. कारण १९९३ साली हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स आपल्या मुलाला, चार्लीला घेऊन तिथेच पोचले. औषधांना न जुमानणारी त्याची आकडी आहाराने थांबली. बापाने संस्था काढली, १९९७ साली मेरिल स्ट्रीपला घेऊन चित्रपटही केला. तरी शास्त्राला पुरावा लागतोच. तो २००८ साली लंडनहून आला: आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या; नुसत्या औषधांवरच्या गटात ६ टक्के. नेमकं का, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

जिथे साखर मेंदूपर्यंत पोचवणारं प्रथिनच जन्मतः सदोष असतं, त्या ग्लूट-१च्या आजारात मात्र हिशेब उघड आहे: कीटोन दुसऱ्या वाटेने आत जातात, म्हणून तिथे हा आहार हाच मुख्य उपचार.

वजन उतरवणारा कीटो ही याच घराण्याची सैल शाखा. वजन घटतं, मधुमेहींची साखरही उतरते. पण म्हणूनच इन्सुलिन आणि काही गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी लागते. विशेषतः ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असताना मनाने कीटो करणं मला तरी जुगारच वाटतो. रक्तात आम्ल धोक्याइतकं वाढतं आणि ग्लुकोमीटरवरची साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. आकडीसाठी हा आहार देणाऱ्या मुलांच्या दवाखान्यातही मूतखडा, बद्धकोष्ठ, कोलेस्टेरॉल आणि खुंटणारी उंची यांवर सतत नजर ठेवतात, आणि गुण आला तर साधारण दोन वर्षांनी आहार हळूहळू सोडवतात.